इंजिनात राहिलेली विहीर

इनासकाकांनी छिन्नीचा एक हलका ठोका मारला आणि इंजिनाच्या पोटातून एक खपली निघून माझ्या तळहातावर पडली. नखाएवढी. एका बाजूने गंजाची तांबडी, दुसऱ्या बाजूने पांढुरकी. मी ती नाकाशी नेली. हाती येईल ते आधी हुंगायची मला लहानपणापासून सवय आहे. लोखंडाचा वास आला, जळक्या तेलाचा आला, आणि त्यांच्या मागून अगदी पुसट, ओल्या दगडाचा. तो ओळखीचा होता. कुठला, ते लगेच आठवेना.

"हुंगते काय बाय?" इनासकाका म्हणाले. "बोंबील आहे काय तो?"

गोखिवऱ्याच्या गाळ्यांमधलं त्यांचं गॅरेज इतकं अरुंद आहे की आमची पद्मिनी आत घेतली तेव्हा काकांना खिडकीतून बाहेर पडावं लागलं होतं. आता तिचं इंजिन बाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं आणि बॉनेटखाली नुसता खड्डा होता. त्या खड्ड्यात बघायला मला संकोच वाटत होता. आपल्या माणसाला दवाखान्यातल्या कपड्यांत बघताना वाटतो तसा.

गाडी तीन वर्षं आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. जूचंद्रला आमच्या घरापुढची ती मोकळी जागा आता एका इमारतीत जाणार आहे. महिनाअखेर गाडी हलवायची होती. बाबांनी भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. मी म्हटलं, एकदा उघडून तरी बघू या. बाबा म्हणाले, "बघायचं काय त्यात? मी मारली तिला. मलाच ठाव हाय." पण मी हट्ट धरला, आणि कॉलेजात जाणारी घरातली पहिलीच मुलगी असल्यामुळे माझ्या हट्टाला हल्ली घरात उगाचच वजन आलेलं आहे.

"हे बघ," इनासकाकांनी खराट्याची एक काडी घेतली. "ही पानी फिरायची वाट. इंजिन तापतं, पानी त्याच्या भोवती फिरतं, गरमी घेऊन रेडिएटरमध्ये जातं. या भोकातून माझं बोट जायला पाहिजे." त्यांनी काडी आत घातली. ती दोन पेरं गेली आणि अडकली. "काडी जात नाय. सगळं बसलंय आत. आणि इथे बघ, ब्लॉकला तडा. हे आता कोणी जोडणार नाय. इंजिन दुसरं बघायला लागेल."

मग त्यांनी माझ्याकडे पाहून साधा प्रश्न विचारला.

"कुठलं पानी घालत होता तुम्ही हिच्यात?"

तेव्हा मला तो वास आठवला.

*

आमच्या आळीला दोन विहिरी होत्या. एक देवळाजवळची, गोड्या पाण्याची. ती लांब, आणि तिच्यावर सदा बायकांची गर्दी. दुसरी आमच्या घरामागे, जिथे भातखाचरं संपून खाडीच्या बाजूची खाजण सुरू होते तिथे. तिचं पाणी मचूळ. त्यात म्हशी धुवायच्या, घमेली विसळायची, चिखलाचे पाय बुडवायचे. तिच्या काठाच्या दगडांना कायम पांढरी किनार असायची आणि उन्हाळ्यात दुपारी त्या दगडांवर पाणी सांडलं की असा एक वास यायचा की मी पोटावर पालथी पडून तो घेत राहायची. आई ओरडायची, "आता उतर आतच!"

बाबा मिठागरावर कामाला होते. मीठ पिकवणारा माणूस पाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतो. मिठागरात खाडीचं पाणी घेताना ते एक बोट बुडवून जिभेला लावत आणि आज घ्यायचं की उद्या, ते सांगत. घरात मात्र गोडंच. प्यायला गोडं, भाताला गोडं, आणि गाडीलाही गोडं. "तिच्या पोटात खारट जाऊ द्यायचं नाय," ते म्हणायचे. "लोखंडाला खारट लागलं की लोखंड रडतं."

ती क्रीम रंगाची पद्मिनी त्यांनी माणिकपूरच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतली होती. मिठागरावरच्या माणसाने गाडी कशाला घ्यावी, हा प्रश्न तेव्हा गावाने विचारला असणार. मी लहान होते. मला एवढंच आठवतं की पहिल्या दिवशी तिच्यात बसले तेव्हा रेक्झिनला उन्हाचा चटका होता, आणि दाराची काच खाली करायचं हँडल मी इतकं फिरवलं की ते माझ्या हातात आलं.

मग ती नवरीची गाडी झाली. आळीतली पहिली नवरी तिच्यात बसून गेली, मग दुसऱ्या आळीतल्या लोकांनी मागितली, मग नवरी निघायची म्हणजे बाबांचीच गाडी, असं ठरूनच गेलं. लग्नसराईत बाबा मिठागरावरून अर्ध्या दिवसाने परतायचे, पिंडऱ्यांवर मिठाची पांढरी रेघ तशीच असायची, आणि ते आधी गाडी धुवायचे, मग स्वतःला. बॉनेटला झेंडूची माळ, आरशाला आंब्याचा डहाळा. पुढच्या सीटवर भिमीआत्या बसायची. ती धवलारीण. आमच्याकडे लग्नातले विधी धवलं गात गात पार पाडणारी बाई. तिचा आवाज घोगरा आणि लांबवर जाणारा होता. तिने सूर धरला की बाबा गाडीचा वेग कमी करत, इंजिनाचा आवाज तिच्या गळ्याला आड येऊ नये म्हणून. मागे नवरी रडत असायची, तिच्या मांडीवर एखादं पोर झोपलेलं असायचं, आणि मी पुढच्या दोन सीटांमधल्या खोबणीत उकिडवी बसून गिअरच्या दांड्यावरच्या बाबांच्या हाताकडे बघत असायची.

आमच्या गावात रांगोळीचं वेड आहे. लग्नघराच्या दारात अशी रांगोळी असायची की पाहुण्यांना आत शिरायला वाट राहायची नाही. बाबा तिच्यावरून चाक न्यायचे नाहीत. गाडी लांब उभी करायचे. बायका ओरडायच्या, "आन ना पुढं, पोरीला चालवतोस काय?" बाबा म्हणायचे, "तुमीच चालवा तिला. दोन रात्री बसून कोनी काढलीय ती, त्याला इचारून या आधी."

प्रत्येक नवरी मागच्या सीटच्या पांढऱ्या खोळीवर हळद ठेवून जायची. आई खोळ साबणाने धुवायला घेई, आणि तो पिवळा डाग साबण लागताच लालभडक होई. मी दरवेळी थक्क होऊन बघायची. आईला विचारायची, हे असं का होतं? आई म्हणायची, "होतं तसं." हळद का लाल होते, ते मला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कळलं. तेव्हा प्रयोगशाळेत सगळे शांत होते आणि मी एकटीच मोठ्याने "अरेच्चा" म्हणाले होते.

गाडीत पाणी भरायचं काम माझं होतं. चौथीत असताना ते मी मागून घेतलं होतं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, त्याला सुतळीची मूठ. बाबांनी शिकवलं होतं, गाडी गरम असताना टोपण उघडायचं नाही. थंड झाली की ओलं फडकं ठेवून हळू फिरवायचं, आतून सुस्कारा आला की थांबायचं. त्या सुस्काऱ्याची मला फार ओढ होती. वाटायचं, गाडी दिवसभराचं काहीतरी सांगून टाकते आहे.

पण देवळाजवळची विहीर लांब होती. तिथल्या बायका मला अडवून विचारायच्या, "कोनाची नवरी आज? काय घातलंय अंगावर? रडली का?" मला लाज वाटायची. घरामागची विहीर पन्नास पावलांवर होती. पहिल्यांदा मी तिथून डबा भरला तेव्हा भीती वाटली होती. दुसऱ्यांदा कमी वाटली. पाणी दिसायला सारखंच होतं. चौथीपासून बारावीपर्यंत, कधी गोड्या विहिरीचं आणि बऱ्याचदा या विहिरीचं. मी कधी मोजलं नाही. बाबांनी कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं होतं म्हणजे मी तसंच करत असणार, असं त्यांनी धरलेलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, माझी बारावी नुकतीच संपली होती तेव्हा, शेजारच्या आळीतली नवरी घेऊन गाडी विरारला निघाली. भर दुपार. मी त्या दिवशी गाडीत नव्हते. नंतर जे कानावर आलं ते असं: हायवेवर तापमानाची सुई वर चढली, बाबांनी ती पाहिली, गाडीतले सगळे मुहूर्ताची घाई करत होते, आणि बाबा थांबले नाहीत. मग बॉनेटमधून वाफ आली, मोठा खडखडाट झाला, आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. नवरी रिक्षातून गेली. लग्न लागलं. कोणी बाबांना एक शब्द बोललं नाही.

पण बाबांनी त्यानंतर कुठल्याच गाडीचं स्टेअरिंग हातात घेतलं नाही. मिठागर बंद पडल्यावर एका शाळेची व्हॅन चालवायचं काम आलं होतं. ते नाही म्हणाले. नायगावच्या एका गोदामात माल उतरवून घेतात आता. दुसरं इंजिन बसवायचा विषय कोणी काढला की म्हणायचे, "एक काळीज ज्यानं जाळलं, त्याच्या हातात दुसरं कशाला देता?"

*

ती खपली मी कागदात गुंडाळून कॉलेजात नेली. कुठे तरी मला अशी आशा होती की मी चुकत असेन.

आमच्या मॅडमना विचारून मी ती कुटली आणि परीक्षानळीत टाकली. सौम्य नायट्रिक आम्ल घातल्यावर फसफसून बुडबुडे आले. म्हणजे चुना. तो गोड्या विहिरीतूनही आला असेल, गावचा दगडच तसा आहे. मी जरा सुखावले. मग वरचं निवळ पाणी दुसऱ्या नळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळीत दूध फाटल्यासारखा पांढरा साका झाला.

"क्लोराइड चांगलंच आहे," मॅडम नळी उजेडात धरून म्हणाल्या. "कुठलं पाणी हे? पाण्याचाही नमुना आण, तुलना करू."

"ते पाणी आता नाही मॅडम," मी म्हटलं.

खरंच नव्हतं. घरामागची विहीर दोन वर्षांपूर्वी बुजवली. डबर टाकलं, माती टाकली, वर आता चार मजले उभे आहेत आणि ज्या दगडांवर मी पालथी पडायची तिथे एकाची स्कूटर असते. मला त्या विहिरीचा एक फोटोसुद्धा सापडला नाही. म्हशी धुवायच्या विहिरीचा फोटो कोण काढतो? आणि आता ती माझ्या हातातल्या नळीत पांढरी होऊन उभी होती. इतकी वर्षं डब्याडब्याने मी तिला वाहून नेलं, आणि ती गेली नाही, लोखंडाला धरून आत बसून राहिली. मला एकाच वेळी रडू येत होतं आणि अजून एक खपली आणून पुन्हा करून बघावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, मला माहीत नाही.

आणखी खपल्या घ्यायला गॅरेजात गेले तेव्हा मी इनासकाकांना विचारलं, "बाबा त्या दिवशी थांबले असते तर?"

त्यांनी हात पुसायला फडकं घेतलं. "त्या दिवशी वाचली असती. पुढच्या लग्नाला गेली असती. पान्याला वाटच नव्हती बाय. तुझा बाप शेवटी चालवत होता, एवढंच."

*

दुसरं इंजिन चांदीपला मिळालं. तिथे एका शेताच्या कडेला एक आजोबा राहतात. त्यांनी मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली होती आणि टॅक्सीचं वय भरल्यावर तिला भंगारात न देता गावी आणून मांडवात ठेवली होती. मी आणि इनासकाका गेलो तेव्हा मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती.

"तिला उठवू नका," आजोबा म्हणाले. "पुढचं काय ते बघा."

इनासकाकांनी इंजिनात थोडं तेल सोडलं आणि पुढून लोखंडी हँडल घालून हाताने फिरवलं. इंजिन जड, पण फिरलं. हाताला एका सिलिंडरचा दाब लागला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, चौथ्याचा. चारही सिलिंडर शाबूत. काकांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी आजोबांना विचारलं, तुम्ही हिच्यात पाणी कुठलं घालायचा? आजोबा हसले. "जिथं नळ दिसंल तिथलं. दादरचं, भायखळ्याचं, कुलाब्याचं. अख्खी मुंबई प्यायलीय ती." मग जरा थांबून म्हणाले, "न्या. पन तुमची गाडी नवरीला घेऊन जाते म्हनताय, तर एकदा तरी मला ऐकवून जा. माझ्याकडं असताना तिच्यात नवरी कधी बसली नाय."

मी हो म्हटलं. आणि परतताना माझ्या लक्षात आलं की जी गाडी चालवायला अजून कुणीच तयार नाही, तिचा शब्द मी देऊन आले आहे.

*

रविवारी सकाळी बाबा अंगणात, गाडी जिथे उभी असायची त्या चौकोनाशेजारी बसून बोंबलांना ऊन दाखवत होते. त्या चौकोनात गवत उगवलेलं नव्हतं. मी खपल्यांची कागदी पुडी त्यांच्यासमोर ठेवली आणि शेजारी बसले. वाक्य तीन दिवस पाठ केलं होतं, ते आलंच नाही.

"बाबा, हे तिच्या इंजिनातलं आहे."

त्यांनी पुडी उघडली. बघितलं.

"मी पाणी मागच्या विहिरीचं भरायचे," मी म्हटलं. "नेहमी नाही. पण बऱ्याचदा. चौथीपासून. तुम्ही देवळाजवळचं सांगायचात आणि मी मागच्या विहिरीचं भरायचे. ते आत बसत गेलं. त्यामुळे तापली ती. तुमच्यामुळे नाही. म्हणजे, तुम्ही थांबायला हवं होतं, पण तुमच्यामुळे नाही."

बाबांनी एक खपली उचलली, बोट ओलं केलं, तिच्यावर घासलं आणि जिभेला लावलं. मिठागरावर लावायचे तसं, डोळे मिटून. मी म्हणणार होते, त्यात तेल असेल, नका. पण तोवर त्यांनी डोळे उघडले होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू अचानक कुणी जुनं माणूस दारात येऊन उभं राहावं.

"अगं, हीच ती," ते म्हणाले. "मागची. हीच. अजून हाय?" त्यांनी पुन्हा बोट लावलं. "ऐकलंस का, बघ गं इकडं, मागची विहीर हाय हिच्यात!"

आई आतून म्हणाली, "काय खाताय सकाळीसकाळी?"

"बाबा, मी काय सांगितलं ते ऐकलंत का?"

"ऐकलं." त्यांनी पुडी पुन्हा नीट बांधली. मग म्हणाले, "नऊ वर्सांची होतीस. पाच लिटरचा डबा. मी तुला लांबच्या विहिरीवर धाडत व्हतो." आणि मग, पुडी खिशात ठेवत, "तीन वर्सं मना वाटलं, मी मारली."

मी पुढ्यातले बोंबील उलटे करू लागले.

"तो इनास काय म्हनतो? बसतं का दुसरं इंजिन?"

*

बसलं. विरारच्या आरटीओत जाऊन कागदांवर इंजिनाचा नवा नंबर चढवून आणला. इनासकाकांनी रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी हिरवं कूलंट ओतलं, तेव्हा बाबांनी त्यातही बोट घालायला हात पुढे केला आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो. "विष आहे ते!" बाबा नाराज झाले. "मग कळायचं कसं काय हाय ते?"

नव्या इंजिनाचा आवाज जुन्यासारखा नाही. जरा घोगरा आहे, आणि दुसऱ्या गिअरमध्ये खोकल्यासारखं काहीतरी करतं. गोखिवऱ्याहून निघताना बाबांनी स्टेअरिंगवर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच बसले. इनासकाका म्हणाले, "दादा, गाळा भाड्याचा आहे माझा. निघा." मग निघाले. पहिल्यांदा गेलो ते चांदीपला. आजोबांनी बॉनेटवर हात ठेवून आवाज ऐकला, आणि म्हणाले नवरी कुठाय, म्हणून बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मी म्हटलं छे, मला अजून शिकायचंय, आणि ते दोघं हसले.

जूचंद्रला आलो तेव्हा अर्धी आळी रस्त्यावर आली. बाबा दर दहा पावलांवर गाडी थांबवत होते. तीन वर्षं ज्या गोष्टीबद्दल त्यांनी घरातसुद्धा तोंड उघडलं नव्हतं, ती ते आता काच खाली करून प्रत्येकाला सांगत होते. विरारचा रस्ता, चढलेली सुई, रिक्षात कोंबलेली नवरी, सगळं. आणि शेवटी दरवेळी माझ्या दिशेने मान उडवत होते. मी सीटमध्ये खाली खाली घसरत होते, कान तापले होते.

"इंजिन कोनी मारलं ठाव हाय का? हिनं," बाबा सांगत होते, एखाद्या मुलीचा पहिला नंबर आलाय असं सांगावं तशा आवाजात. "आठ वर्सं लागली तिला. आनि मग कॉलेजात जाऊन सोताच शोधून काढलं."